तेरीज मांडणाऱ्याची पारख

मोठ्या संस्थेचा सारा कारभार एका माणसाच्या नजरेखाली राहू शकत नाही, ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. मराठी दप्तरात रोजकीर्दीवरून खतावणी व्हावयाची, खतावणीवरून तेरीज निघावयाची आणि कारभाऱ्यापुढे ती तेरीजच जावयाची. शेकडो नोंदी वाचण्यास त्याला सवड नसे. गोषवाऱ्यावर विसंबूनच त्याला निर्णय करावा लागे. आज बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या, महानगरपालिका आणि विद्यापीठे ‘बिझनेस इंटेलिजन्स’ या नावाच्या संगणकीय आज्ञावलींवर मोठा पैसा खर्च करीत आहेत. तत्त्वत: ती वस्तू म्हणजे ही तेरीजच होय. निरनिराळ्या विभागांच्या संगणकांत साठलेली माहिती ती एकत्र आणते, तिची बेरीज-वजाबाकी करते आणि आलेख, तक्ते व रंगीत नकाशे यांच्या रूपाने वरिष्ठांच्या पडद्यावर मांडते. या पडद्याला ‘डॅशबोर्ड’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. जुन्या आणि नव्या व्यवस्थेत एक फरक मात्र मूलगामी आहे. पूर्वी तेरीज मांडणारा कारकून घरचा असे. आज तो बाहेरून, पुष्कळदा परदेशी कंपनीकडून, वार्षिक भाड्याने आणावा लागतो. तो निवडावा कसा, हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहत नाही. ठेवीदाराचा, करदात्याचा आणि वर्गणीदाराचा पैसा त्यात गुंतलेला असतो. शिवाय एकदा केलेली निवड दहा-दहा वर्षे मोडता येत नाही.

या व्यवसायाचे नावच प्रथम थोडे फसवे आहे. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग आजच्या संदर्भात आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ च्या एका निबंधात वापरला. १९८९ नंतर हॉवर्ड ड्रेसनर यांनी तो रूढ केला. त्यातील ‘इंटेलिजन्स’चा अर्थ गुप्तचर खात्याच्या ‘इंटेलिजन्स’ला, म्हणजे वेळेवर मिळालेल्या खबरीला, अधिक जवळचा आहे. मराठीत त्याचे ‘व्यवसाय-बुद्धिमत्ता’ असे भाषांतर होऊ लागल्यापासून ग्राहकाची समजूत अशी होते की, विकत घेतलेल्या आज्ञावलीबरोबर बुद्धीही घरपोच येणार आहे. विक्रेत्यांनी ही समजूत दूर करण्याची घाई केलेली नाही, हे ओघानेच आले.

या बाजाराचा गेल्या दोन दशकांचा इतिहास ग्राहकाने जरूर वाचावा असा आहे. २००७ या एकाच वर्षात ओरॅकलने हायपेरियन ही कंपनी घेतली, सॅपने बिझनेस ऑब्जेक्ट्स घेण्याचे जाहीर केले आणि आयबीएमने कॉग्नॉस. तोपर्यंत स्वतंत्र असलेले तीन मोठे विक्रेते असे महाकाय कंपन्यांच्या पोटात गेले. २०१९ मध्ये टॅब्लो ही कंपनी सेल्सफोर्सने सुमारे १५.७ अब्ज डॉलर मोजून घेतली आणि त्याच वर्षी लुकर घेण्याचा करार गूगलने केला. क्लिक ही मूळची स्वीडिश कंपनी २०१६ मध्ये एका गुंतवणूक संस्थेच्या मालकीची झाली. मायक्रोस्ट्रॅटेजीची कथा तर या सर्वांहून बोलकी. इतरांना आकड्यांची शिस्त विकणाऱ्या या कंपनीला मार्च २००० मध्ये स्वत:च्या मागील वर्षांचे हिशेब दुरुस्त करून जाहीर करावे लागले आणि एका दिवसात तिच्या समभागाचा भाव निम्म्याहून खाली आला. त्यातून ती सावरली; पण ऑगस्ट २०२० पासून तिने बिटकॉइनची खरेदी सुरू केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्ट्रॅटेजी’ असे नाव धारण केले आणि आज जगात ती ओळखली जाते ती आज्ञावलीपेक्षा त्या आभासी नाण्यांच्या साठ्यासाठी. तिची आज्ञावली आजही विकली जाते आणि वापरलीही जाते. परंतु दहा वर्षांपूर्वी तिची निवड करणाऱ्या एखाद्या समितीने हे भविष्य आपल्या गुणपत्रिकेच्या कोणत्या रकान्यात मांडले असते? विक्रेत्याची आजची उलाढाल पाहून त्याच्या उद्याच्या निष्ठेचा अंदाज बांधता येत नाही, एवढे तरी या इतिहासावरून दिसते.

आता आपल्याकडील निवडीची रीत पाहू. समिती नेमली जाते. सल्लागाराकडून दोनशे-तीनशे वैशिष्ट्यांची यादी तयार होते आणि प्रत्येक वैशिष्ट्यापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे विक्रेत्याने लिहावयाचे असते. एकही विक्रेता ‘नाही’ लिहीत नाही. मग गार्टनर या अमेरिकन सल्लागार संस्थेच्या ‘मॅजिक क्वाड्रंट’ या प्रसिद्ध चौकटीत विक्रेता ‘लीडर’ गणला गेला आहे काय, हे पाहिले जाते. अनेक निविदांत ती अटच असते. वास्तविक या संस्थेच्या अहवालातच असा खुलासा असतो की, ती कोणत्याही विक्रेत्याची शिफारस करीत नाही आणि केवळ वरच्या क्रमांकाचेच विक्रेते निवडावेत असा सल्लाही देत नाही. शिवाय तिचे ग्राहक खरेदीदार आहेत तसेच विक्रेतेही आहेत. अहवाल निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. बाजारात कोण कोण आहे हे कळण्यास ते चांगले. परंतु जगभरच्या ग्राहकांसाठी काढलेले ते चित्र सांगली किंवा नांदेडच्या एखाद्या संस्थेच्या गरजेचे उत्तर समजणे म्हणजे पंचांगातील पर्जन्यविचार वाचून पेरणी करण्यासारखे आहे.

यानंतर किंमत. सर्वांत कमी किमतीचा देकार स्वीकारावा, ही सरकारी खरेदीची जुनी रूढी आहे. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी सल्लासेवांसाठी गुणवत्ता आणि किंमत यांचा एकत्रित विचार करण्याची वाट दिली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनी ती अन्य सेवा व कामांनाही मर्यादित स्वरूपात मोकळी केली. तेथे गुणवत्तेचा भार ३० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतो. हा भार म्हणजे काय, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या विक्रेत्याला गुणवत्तेचे ९० गुण मिळाले आणि त्याची किंमत १० कोटी रुपये आहे. दुसऱ्याला ७५ गुण आणि किंमत ८ कोटी. किमतीच्या हिशेबात स्वस्ताला १०० गुण मिळतात, महागाला ८०. गुणवत्तेला ३० टक्के भार दिल्यास पहिल्याची बेरीज ८३ आणि दुसऱ्याची ९२.५ होते. भार उलटा, म्हणजे गुणवत्तेला ७० टक्के, दिल्यास पहिला ८७ वर जातो आणि दुसरा ८२.५ वर राहतो. विक्रेते तेच, आज्ञावली त्याच, किंमतही तीच. निकाल मात्र बदलला. तेव्हा निवड पुष्कळशी निविदा उघडण्यापूर्वीच, भार ठरविणाऱ्या बैठकीत होऊन गेलेली असते. तरीही गुणपत्रिकेतील दशांश चिन्हामुळे सर्व काही शास्त्रीय वाटते.

स्वस्ताच्या रूढीवर टीका करणे सोपे आहे. पण ती का टिकली हेही समजून घेतले पाहिजे. गुणवत्तेच्या नावाखाली आपल्या माणसाला कंत्राट देण्याची वाट मोकळी होते, ही भीती निराधार नाही. सर्वांत स्वस्त माल घेणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षक काही विचारीत नाही. महाग माल घेणाऱ्याला मात्र निवृत्तीनंतरही खुलासे द्यावे लागतात. अशा परिस्थितीत अधिकारी सुरक्षित मार्ग धरतो, यात त्याचा दोष तो किती? गुणवत्तेची परीक्षा अशी पाहिजे की तिचा निकाल दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता यावा. सध्या गुणवत्तेचे गुण बहुतांशी ‘सादरीकरणा’ला दिले जातात. सादरीकरण कसे झाले हे सहा महिन्यांनी तपासण्याचा कोणताही उपाय नसतो.

अर्थशास्त्रात वस्तूंची एक उपयुक्त वर्गवारी आहे. काही वस्तूंची प्रत पाहताक्षणी कळते, काहींची वापरल्यावर. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये हा भेद मांडला, आणि त्याच वर्षी जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आणि ग्राहकाला नाही अशी स्थिती असली की चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो. या विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विश्लेषणाची आज्ञावली ही वापरल्यावरच कळणारी वस्तू आहे आणि सादरीकरणात ती पाहून कळते असा आभास निर्माण केला जातो. विक्रेता प्रात्यक्षिकासाठी स्वत:चा नमुना आणतो. त्यात ग्राहकाचे नाव एकाच प्रकारे लिहिलेले असते, जन्मतारखेचा रकाना रिकामा नसतो, एकाही शाखेचा क्रमांक मध्येच बदललेला नसतो. अशा निर्मळ माहितीवर कोणतीही आज्ञावली सुंदर चित्रे काढील. ज्या संस्थेत ‘कुलकर्णी’ हे आडनाव इंग्रजी लिपीत चार प्रकारे नोंदले गेले आहे, विलीन झालेल्या शाखांची जुनी खाती नव्या क्रमांकांखाली अर्धवट आली आहेत आणि एका जिल्ह्याची माहिती अजून एक्सेलच्या तक्त्यांतून दरमहा ई-मेलने येते, तेथे ती काय करील, याचे उत्तर प्रात्यक्षिकात मिळत नाही.

खरी गफलत पडद्यावर होत नाही. ती मूळ नोंद आणि पडदा यांच्यामधल्या वाटेवर होते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले. प्रयोगशाळांची माहिती पुढे पाठविताना एक्सेलच्या जुन्या प्रकारची फाइल वापरली गेली होती आणि तिच्यात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी मुकाट्याने सुटल्या. त्या दिवसांत राष्ट्रीय डॅशबोर्ड रोज प्रसिद्ध होत होता. त्याच्या आलेखात काही खोट दिसत नव्हती.

मुंबईकरांना याहून जवळचे उदाहरण आठवेल. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षे बनावट हमीपत्रे दिली जात होती. ती स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून परदेशी शाखांकडे जात आणि त्यांवर कर्ज उचलले जाई. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रकरण उघडकीस आले तेव्हा रक्कम ११ हजार कोटींच्या घरात सांगितली गेली, पुढे ती १३ हजार कोटींच्या वर गेली. हे इतकी वर्षे दडून राहण्याचे एक कारण असे की, स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेली नव्हती. संदेश एका यंत्रातून गेला आणि खातेवही दुसऱ्या यंत्रात राहिली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही यंत्रणा ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडण्याचा आदेश सर्व बँकांना दिला. जगातील सर्वोत्तम विश्लेषण आज्ञावली त्या बँकेच्या मुख्य प्रणालीवर बसविली असती, तरी जे खातेवहीतच नव्हते ते तिने तेरजेत कोठून आणले असते? पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा एकाच उद्योगसमूहाला दिलेली कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक खोटी खाती दाखविली गेल्याचा आरोप पुढे आला. तेथे तर नोंदी होत्या, पण त्या रचलेल्या होत्या. त्यांवरूनही कर्जवाटपाचा आलेख अगदी मनोहर निघाला असता.

या दोन प्रकरणांचा दोष कोणत्याही विश्लेषण आज्ञावलीवर येत नाही, हे उघड आहे. मुद्दा निराळा आहे. विक्रेत्याची परीक्षा घेण्यापूर्वी संस्थेने आपल्या माहितीच्या वाटा तपासल्या पाहिजेत: कोणती नोंद कोठे होते, ती कोणत्या हातांतून पुढे जाते, कोठे ती पुन्हा टंकावी लागते, कोठे ती कोणालाही न कळता सुटू शकते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१० मध्येच बँकांपुढे अशी योजना ठेवली होती की, नियामकाकडे जाणारी माहिती माणसाचा हात न लागता मूळ यंत्रणेतून थेट यावी. ही तपासणी कंटाळवाणी असते, तिच्यात उद्घाटनाचा समारंभ नसतो आणि तिचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापता येत नाही. म्हणूनच ती ‘दुसऱ्या टप्प्या’वर ढकलली जाते.

माहितीच्या वाटांइतकाच महत्त्वाचा प्रश्न व्याख्यांचा. शाळेची पटसंख्या किती, हा प्रश्न वरकरणी किती साधा! परंतु हजेरीपटावरील मुले, त्या दिवशी प्रत्यक्ष हजर असलेली मुले आणि आधार क्रमांक जुळलेली मुले हे तीन आकडे निराळे असतात, आणि त्यांपैकी कोणता धरला यावर शिक्षकाचे पद राहते किंवा जाते, हे महाराष्ट्रातील प्रत्येक मुख्याध्यापकाला संचमान्यतेच्या वेळी अनुभवास येते. बँकेत ‘थकबाकी’चे तेच. वसुली विभागाची थकबाकी एक, लेखा विभागाची दुसरी आणि ९० दिवसांच्या नियमाने अनुत्पादित ठरणारी तिसरी. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. आज्ञावली बसविण्याच्या निमित्ताने संस्थेला यांतला कोणता आकडा ‘अधिकृत’ हे ठरवावे लागते. संस्थेने ते ठरविले नाही, तर विक्रेत्याने पाठविलेला पंचविशीतला अभियंता आपल्या समजुतीप्रमाणे ठरवून मोकळा होतो. त्याने लिहिलेले सूत्र मग वर्षानुवर्षे चालत राहते आणि ते कोणी, का लिहिले हे सांगणारा संस्थेत कोणी उरत नाही.

आणि खरी गुलामगिरी सुरू होते ती येथून. संस्थेची मूळ माहिती तिच्या स्वत:च्या संग्रहात असते. ती उचलून दुसरीकडे नेणे तुलनेने सोपे आहे, असे विक्रेते आवर्जून सांगतात, आणि ते खरेही आहे. परंतु या व्याख्या, ही शेकडो सूत्रे, विक्रेत्याच्या खास भाषेत लिहिलेली असतात. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयची सूत्रभाषा डॅक्स, लुकरची लुकएमएल. एका भाषेतील सूत्र दुसऱ्या आज्ञावलीला आपोआप उमजत नाही. पाच वर्षांत हजार-दीड हजार अहवाल तयार झाले की विक्रेता बदलणे म्हणजे ते सारे पुन्हा लिहिणे, पुन्हा तपासणे आणि सर्व माणसांना पुन्हा शिकविणे होय. ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते ज्या विचारासाठी मिळाले त्यात हेच सूत्र आहे. करार होण्यापूर्वी ग्राहकाच्या दाराशी अनेक विक्रेते उभे असतात. करार झाला, त्या एका नात्यापुरती खास गुंतवणूक झाली, की दोघेच समोरासमोर उरतात आणि ज्याला बाहेर पडणे अधिक महाग तो दबतो. आपली निविदा पद्धती करारापूर्वीच्या स्पर्धेवर सारी शक्ती खर्च करते. करारानंतरच्या मक्तेदारीचा तिच्यात विचारच नाही.

किमतीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? पॉवर बीआय ही आज्ञावली जुलै २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली तेव्हा एका वापरकर्त्यामागे दरमहा सुमारे १० डॉलर असा तिचा दर होता. त्या काळच्या बाजारात हा दर धक्कादायक म्हणावा इतका स्वस्त होता; त्याने जुन्या विक्रेत्यांची झोप उडविली आणि अनेक लहान संस्थांना हे साधन परवडू लागले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. सुमारे दहा वर्षे तो दर तसाच राहिला. एप्रिल २०२५ पासून तो १४ डॉलर झाला. डॉलरमधील वाढ ४० टक्क्यांची. पण भारतीय ग्राहक पगार आणि कर रुपयांत देतो. २०१५ मध्ये डॉलर सुमारे ६४ रुपयांना होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. म्हणजे एका वापरकर्त्याचा मासिक खर्च सुमारे ६४० रुपयांवरून ११९० रुपयांच्या आसपास गेला, जवळजवळ दुप्पट. पाच हजार वापरकर्त्यांच्या संस्थेला याच दराने वर्षाला सुमारे ३ कोटी ८४ लाखांऐवजी ७ कोटी १४ लाख मोजावे लागतील. मोठ्या ग्राहकांना सवलती मिळतात, कित्येक करार रुपयांतही होतात, हे खरे. पण सवलत किती द्यावी हे ठरविताना विक्रेता ग्राहकाच्या निघून जाण्याची शक्यताच मोजतो. येथे नाव एका कंपनीचे आले ते तिचे दर सर्वांना पाहता येतात म्हणून. वार्षिक भाड्याची पद्धत आज या व्यवसायात बहुतेक सर्वत्र आहे.

तेव्हा विक्रेत्याची पारख करताना सर्वांत आधी त्याला विचारावयाचा प्रश्न ‘तुम्ही काय काय देता’ हा नसून ‘आम्हाला सोडून जावयाचे झाल्यास काय लागेल’ हा होय. आणि या प्रश्नाचे उत्तर निविदेच्या किमतीतच मांडले गेले पाहिजे. पाच वर्षांनंतर सर्व सूत्रे वाचनीय स्वरूपात, सर्व अहवालांची यादी व्याख्यांसह आणि सहा महिन्यांची समांतर सेवा देण्याचे किती पैसे घेणार, हे विक्रेत्याने पहिल्याच दिवशी लिहून द्यावे आणि स्वस्त कोण हे त्या रकमेसह ठरावे. ही कल्पना हवेतली नाही. एप्रिल २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्यासंबंधी जे निर्देश काढले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू केले, त्यांत बाहेर पडण्याची निश्चित योजना बँकांपाशी असली पाहिजे असे सांगितले आहे. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याने अशा सेवा देणाऱ्यांना ग्राहकाची वाट अडविण्यास मनाई केली असून स्थलांतराचे शुल्क जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचे ठरविले आहे. आपल्याकडे महानगरपालिका, विद्यापीठे आणि राज्य महामंडळे यांना मात्र बँकांसारखा कोणी नियामक नाही; त्यांनी हा शहाणपणा स्वत:हूनच उसना घेतला पाहिजे.

मुक्त आज्ञावली वापरावी, म्हणजे हा जाचच नको, असे सुचविणारा एक वर्ग आहे. एअरबीएनबी या कंपनीत २०१५ च्या सुमारास जन्मलेली आणि पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेलेली ‘सुपरसेट’, किंवा ‘मेटाबेस’, ही या प्रकारची कामाची साधने आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त आज्ञावलींना पसंती देण्याचे धोरण जाहीर केले होते. परवान्याचा खर्च वाचतो हे निर्विवाद. परंतु वाचलेला पैसा माणसांवर खर्चावा लागतो. चार-पाच चांगले अभियंते कायम पदांवर नेमण्याची तयारी नसेल, तर मुक्त आज्ञावली घेऊनही संस्था शेवटी एखाद्या स्थानिक कंत्राटदाराच्या दाराशी जाते आणि तेथे तिची स्थिती अधिकच केविलवाणी होते. आपल्या बहुतेक सार्वजनिक संस्थांत यंत्र खरेदीला मंजुरी मिळते, पदनिर्मितीला मिळत नाही. खरेदी हा भांडवली खर्च आणि पगार हा आस्थापनेवरचा खर्च, या हिशेबी भेदाने आजवर किती चुकीच्या निवडी घडविल्या असतील, याचा कोणी अभ्यास केल्यास तो उद्बोधक ठरेल.

राहिला परीक्षेचा प्रश्न. ती घ्यावयाची तर संस्थेच्या खऱ्या माहितीवर घ्यावी. व्यक्तींची नावे व खाजगी तपशील अर्थातच झाकून, कारण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर त्यात कुचराई चालणार नाही. गेल्या वर्षी संस्थेत ज्या दहा प्रश्नांची उत्तरे शोधण्यास सर्वांत अधिक वेळ लागला, ते दहा प्रश्न प्रत्येक विक्रेत्यापुढे ठेवावेत. बरोबर उत्तरे संस्थेला ठाऊक असली पाहिजेत. ती लिहून, लखोट्यात बंद करून ठेवावीत. तीन आठवड्यांची मुदत द्यावी. आणि शेवटच्या आठवड्यात विक्रेत्याच्या माणसांनी उठावे व संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी स्वत: ती उत्तरे काढून पाहावीत. किती आली, किती चुकली, किती वेळ लागला, याची नोंद ठेवावी. अशी नोंद कोणत्याही लेखापरीक्षकापुढे ठेवता येते. सादरीकरणाचे १८ किंवा १९ गुण कोणाला कसे मिळाले हे मात्र कोणी सांगू शकत नाही. दक्षता विभागाच्या भीतीवर हाच उतारा आहे. वेळ अधिक लागेल हा आक्षेप खरा आहे. निविदेला सध्या लागणाऱ्या कालावधीत एक महिन्याची भर पडेल.

ही परीक्षा घेणाऱ्या समितीत कोण असावे? महाव्यवस्थापक असावेत, संगणक प्रमुख असावेत, वित्त अधिकारी असावेत, हे ठीकच आहे. पण दर महिन्याच्या ३ तारखेला रात्री आठपर्यंत बसून मुख्यालयाचा तक्ता जुळविणारा जो वरिष्ठ लिपिक असतो, तो अशा समितीत क्वचितच दिसतो. कोणत्या शाखेचे आकडे नेहमी उशिरा येतात, कोणता रकाना सगळे अंदाजाने भरतात, कोणत्या बेरजेत दरवेळी तीच तफावत येते, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला समितीत जागा आणि मत देण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. माहिती भरणाऱ्यांचेही तेच. देशातील शाळांची माहिती ‘यूडायस प्लस’वर जमा होते, तिच्यावरून जिल्हा, राज्य आणि देश यांचे सुबक आलेख निघतात. ती माहिती भरतो शिक्षक. एकच माहिती निरनिराळ्या संकेतस्थळांवर पुन:पुन्हा भरावी लागते, अशी शिक्षकांची जुनी तक्रार आहे. पडदा वर पाहणाऱ्याला फुकट दिसतो. त्याची किंमत खाली तासांत मोजली जाते आणि ते तास कोणत्याही निविदेत धरलेले नसतात. ते धरता येतील. नव्या आज्ञावलीसाठी खालच्या पातळीवर किती नव्या नोंदी कराव्या लागतील आणि जुन्या किती बंद होतील, याचा तक्ता विक्रेत्याकडून आणि संबंधित विभागाकडून निविदेबरोबरच मागवावा. ज्या आज्ञावलीच्या तक्त्यात दुसरा रकाना कोरा असेल, तिला किमतीच्या लखोट्यापर्यंत जाऊ देऊ नये.